नक्कल आणि मुदत

(कोल्हापूर येथील एका स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या आबांचे नाव मी येथे उच्चारले तर त्यांना ते रुचले नसते. कारण आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी कचेरीच्या नक्कल-शाखेत इतरांच्या मजकुराची प्रत उतरवण्यात घालवली होती, आणि नक्कल करणाऱ्याने आपले नाव सहीपुरतेच ठेवावे असा त्यांचा बाणा होता. त्यांच्या हातची नक्कल ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल की, कागदाच्या पाठीवर ते तीन तारखा मांडीत : अर्ज आल्याची, नक्कल तयार झाल्याची, आणि ती अर्जदाराच्या हाती पडल्याची, शिवाय अर्जदाराचे नाव, आणि मूळ कागद कोणत्या दफ्तरातला याची खूण. मी कॉलेजात शिकत असताना त्यांना एकदा विचारले होते की, मजकूर जर तोच आहे तर ही उठाठेव कशाला? आबा म्हणाले, ‘अरे, अस्सल कागद आपल्या जागी बसलेला असतो. नक्कल मात्र गावभर हिंडते. तिला जो तो विचारणार, तू कुणासाठी आणि कधीची?’

आजचा माझा विषय या दोन प्रश्नांपलीकडे फारसा जात नाही. आपण संगणकावर किंवा हातातल्या फोनवर एखादे पान उघडतो, तेव्हा दूर कोठेतरी बसलेला सर्व्हर त्या पानाचे कोणते रूप आपल्याला द्यावयाचे हे कसे ठरवतो, आणि एकदा दिलेले रूप वाटेत ठिकठिकाणी साठवले जाते त्यातून कोणते घोटाळे उद्भवतात, हे मला सांगावयाचे आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यातले दोष यंत्राचे नाहीत. ते दफ्तर ठेवण्याच्या जुन्या विद्येचे विस्मरण झाल्यामुळे उत्पन्न झालेले आहेत, असे माझे मत आहे.

प्रथम मागणीचा विचार करू. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली ज्या योजनेचा आराखडा मांडला आणि पुढे जिला आपण वेब म्हणू लागलो, तिचा सारा व्यवहार अर्ज आणि उत्तर या दोहोंवर चालतो. आपला ब्राउझर जो अर्ज पाठवतो त्यात नुसता पत्ता नसतो; पत्त्याखाली काही ओळी असतात, ज्या आपण कधी पाहत नाही. त्यांतली ‘ॲक्सेप्ट’ ही ओळ सांगते की अर्जदाराला कोणत्या जातीचा मजकूर किंवा चित्र चालेल. ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ सांगते की मजकूर दाबून, आवळून पाठवला तर तो उलगडता येईल की नाही. आणि ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ सांगते की त्याला कोणत्या भाषा कोणत्या क्रमाने हव्या आहेत. क्रम सांगण्याची रीत मोठी हिशेबी आहे. प्रत्येक भाषेपुढे शून्य ते एक यांमधला एक अपूर्णांक लिहावयाचा, दशांशचिन्हापुढे फार तर तीन स्थळे. मराठी पूर्ण एक, हिंदी आठ दशांश, इंग्रजी पाच दशांश, असे. सर्व्हरने आपल्या कोठारात काय आहे ते पाहून, अर्जदाराच्या पसंतीशी ताडून, एक प्रत निवडून द्यावयाची. जानेवारी 1997 मध्ये या व्यवहाराच्या नियमावलीची, म्हणजे एचटीटीपीची, 1.1 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हापासून ही रीत तपशिलाने लिहून ठेवलेली आहे, आणि अपाचीसारख्या सर्व्हरमध्ये ती अमलातही आहे.

या रीतीला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘वाटाघाट’ असा होतो. परंतु वाटाघाट म्हटली की करवीरकरांना 1731 चा वारणेचा तह आठवतो : दोन पक्ष, बैठका, कलमे, आणि शेवटी एका नदीची हद्द. येथे त्यातले काहीच घडत नाही. अर्जदार एकदाच बोलतो, सर्व्हर एकदाच देतो, आणि घासाघीस करण्यास कोणी जागेवर नसतो. काय काय उपलब्ध आहे याची यादी पुढे ठेवून ‘आता तुम्ही निवडा’ म्हणण्याची सोय नियमांत आहे खरी, पण तिचा वापर क्वचितच होतो. तेव्हा ही वाटाघाट नव्हे. हा एकतर्फी निवाडा आहे, आणि निवाड्याचे यश अर्ज कसा लिहिला गेला यावर अवलंबून आहे.

आणि अर्ज कोण लिहितो? येथेच पहिली मेख आहे. भाषेच्या पसंतीची ती ओळ वाचकाने लिहिलेली नसते. संगणक ज्या भाषेत बसवला गेला ती भाषा ब्राउझर आपण होऊन तेथे मांडतो. शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याचा सारा जमाखर्च मराठीत असतो, त्याची भांडणेसुद्धा मराठीत असतात. पण त्याचा संगणक दुकानदाराने इंग्रजीत बसवून दिलेला असतो, आणि म्हणून जगातल्या प्रत्येक सर्व्हरला त्याच्या नावाने असा अर्ज जातो की, ‘मला अमेरिकेची इंग्रजी द्यावी.’ पक्षकाराने तोंड न उघडता वकिलाने परस्पर कबुली द्यावी, तशातलाच हा प्रकार. पुढे कोणी आकडेवारी काढतो आणि म्हणतो की मराठी पानांना मागणीच नाही. मागणी नोंदवणारा कारकूनच बदललेला आहे, हे त्या आकडेवारीत दिसत नाही.

बरे, एखाद्या साक्षेपी वाचकाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडली, तरी त्याच्या मागे दुसरी मेख उभी असते. भाषांना लघुसंज्ञा आहेत : मराठीची ‘एमआर’, आणि भारतातली मराठी असे नेमके म्हणावयाचे तर ‘एमआर-आयएन’. आता समजा, वाचकाच्या अर्जात पहिली पसंती भारतातल्या मराठीला आहे आणि तिच्याखाली हिंदीला आहे. आणि सर्व्हरच्या कोठारात एक प्रत नुसत्या ‘मराठी’ या शिक्क्याची आणि एक हिंदीची आहे. सामान्य माणूस म्हणेल, मराठी द्या. पण नियमाचा काटेकोर अर्थ असा की, ज्याने व्यापक मराठी मागितली त्याला भारतातली मराठी चालते, मात्र ज्याने भारतातली मराठी मागितली त्याला व्यापक मराठी चालेलच असे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी अपाची त्या व्यापक मराठीला कृपादृष्टीने एक सहस्रांश एवढे वजन देतो, हिंदीचे आठ दशांश त्याहून जड भरतात, आणि मराठी घरात असूनही वाचकाच्या हाती हिंदी पडते. यावर उपाय एवढाच की अर्जात ‘मराठी-भारत’ याच्याखाली नुसती ‘मराठी’ही लिहावी. कचेरीत अर्ज करणाऱ्या आपल्या आजोबांना ही युक्ती ठाऊक होती. नाव लिहून झाले की ते ‘ऊर्फ’ लावीत.

मागणाऱ्याची भाषा कोणी ठरवावी, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. कर्नाटकातले निपाणी येथून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि त्या बाजूच्या मराठी माणसाने सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून किती वर्षे अर्ज केले आहेत हे या सभागृहात सांगावयास नको. आपल्या देशात भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची जी योजना आहे तीत, एखाद्या भागात एखादी भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाचे नियम व जाहीरनामे त्या भाषेतही काढावेत, असे कलम आहे. कागद छापण्यास खर्च येतो, म्हणून ही पंधरा टक्क्यांची सीमा समजण्याजोगी आहे. यंत्राच्या व्यवहारात मात्र सीमेची गरज नाही. मजकूर एकदा मराठीत करून ठेवला की मागणारा एकटा असला तरी त्याला तो देता येतो. वेबच्या योजनेतले औदार्य मला येथे दिसते, आणि म्हणूनच तिच्यातले दोष मनाला लागतात.

आता साठवणीकडे वळू. ज्या साठ्याला इंग्रजीत ‘कॅश’ म्हणतात त्याचा रोकडीशी संबंध नाही. तो शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून आला आहे. मला त्याला ‘पेव’ म्हणावेसे वाटते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील : जमिनीत खोदलेले, वर तोंड लहान आणि आत पोट मोठे असे कोठार, ज्यात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. ब्राउझरचे पेव आपल्या संगणकातच असते. आपल्या आणि सर्व्हरच्या मध्ये, कचेरीच्या किंवा सायबर कॅफेच्या प्रॉक्सीत, म्हणजे मध्यस्थ यंत्रातही, एक असू शकते, आणि ते साऱ्यांचे सामाईक असते. तेच पान पुन्हा मागितले की सर्व्हरपर्यंत हेलपाटा न घालता पेवातून काढून द्यावयाचे, एवढाच हेतू. हेतू उत्तम आहे. हळदीला तो पूर्णपणे लागू पडतो. परंतु पेवात काय ठेवावे, किती दिवस ठेवावे आणि कोणाच्या नावाने ठेवावे, हे ठेवणाऱ्याने लिहिले नाही तर पेव उघडणाऱ्याची फसगत होते.

याची प्रचिती मला माझ्याच चुकीमुळे आली. 2006 च्या पावसाळ्यात एका लहानशा वाचनालयासाठी मी आणि माझा एक विद्यार्थी अशा दोघांनी नव्या पुस्तकांच्या यादीचे एक पान तयार केले, आणि मोठ्या हौसेने ते एकाच पत्त्यावर मराठी व इंग्रजी अशा दोन रूपांत ठेवले. अर्जातली भाषा पाहून योग्य ते रूप द्यावे, अशी तजवीज आम्ही स्वतः लिहिली. राजारामपुरीतल्या एका कॅफेत, मालकाच्या परवानगीने, दोन संगणकांवर मी मराठीची पसंती नोंदवूनही ठेवली, कारण वाचनालयाचे काही वृद्ध सभासद तेथे येत. चार दिवसांनी त्यांच्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, ‘तुमचं पान सकाळी मराठी असतं आणि दुपारी इंग्रजी होतं, हे काय गौडबंगाल आहे?’ मी घरी पाहिले तर मराठी; कॅफेत जाऊन पाहिले तर इंग्रजी; दुसऱ्या दिवशी तेथेच मराठी. दोन रात्री आम्ही आमची लिहिलेली तजवीज ओळ न ओळ तपासली आणि तीत दोष सापडला नाही, कारण दोष लिहिलेल्या ओळींत नव्हता, न लिहिलेल्या ओळीत होता.

कॅफेतल्या सर्व संगणकांच्या पुढे एक सामाईक प्रॉक्सी होती. जुनी प्रत शिळी झाल्यावर जो कोणी प्रथम ते पान मागी, त्याच्या भाषेची प्रत तीत साठवली जाई, आणि मग मागून येणाऱ्या प्रत्येकाला, त्याची भाषा कोणतीही असो, तीच दिली जाई. पहिल्या गिऱ्हाइकाची भाषा ही पुढच्या काही तासांची राजभाषा! प्रॉक्सीला दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्ही तिला उत्तर दिले होते, पण हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे ते सांगितले नव्हते. त्यासाठी नियमांत एक ओळ आहे. तिचे नाव ‘व्हेरी’. इंग्रजीत ‘फार’ या अर्थी जो शब्द येतो तो हा नव्हे, ‘भिन्न होणे’ या अर्थाचा आहे. ‘हे उत्तर अर्जातल्या भाषेनुसार भिन्न होते’ एवढे त्या ओळीत लिहिले की प्रॉक्सी प्रत्येक भाषेची प्रत वेगळी ठेवते, आणि मराठी मागणाऱ्याला इंग्रजीची प्रत देत नाही. अपाचीची स्वतःची निवड वापरली असती तर ती ओळ त्याने न सांगता लिहिली असती. आम्ही शहाणपणा करून निवड स्वतः लिहिली आणि शेरा विसरलो. ती एक ओळ घालताच पान स्थिर झाले. आबा तेव्हा हयात होते. मी त्यांना सारा प्रकार सांगितला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे अर्जदाराचं नावच लिहिलं नव्हतंस.’

हाच विसर आवळलेल्या मजकुराच्या बाबतीत पडला की प्रकार अधिक विचित्र होतो. सर्व्हर मजकूर दाबून पाठवतो, मधली प्रॉक्सी ती दाबलेली प्रत ठेवते, आणि ज्या जुन्या यंत्राला ती उलगडता येत नाही त्यालाही तीच देते. मग पडद्यावर अक्षरांऐवजी रांगोळी विस्कटल्यासारखी चिन्हे दिसतात. वाचकाला वाटते फॉन्ट बिघडला. मराठी वाचकाला तसे वाटणे स्वाभाविकच होते, कारण युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या पानाचा फॉन्ट निराळा असे, आणि तो संगणकावर नसला म्हणजे अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. एका रोगाची लक्षणे दुसऱ्यासारखी असली म्हणजे वैद्याचीही चूक होते.

भाषेचा घोटाळा मनस्ताप देतो. काळाचा घोटाळा त्याहून गंभीर असतो. आपल्या शहराने ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचा महापूर पाहिला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडलेला पाहिला. त्या दिवसांत घराघरांत एकच प्रश्न होता : राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती? एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस फूट म्हणजे धोका, हे येथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. आता कल्पना करा की, ही पातळी सांगणारे एक पान आहे आणि त्यावर मुदतीची कोणतीही ओळ नाही. मुदत लिहिली नसेल तर पेव ती अंदाजाने ठरवते, आणि त्या अंदाजाची रूढ रीत अशी की, मजकूर शेवटचा बदलून जितका काळ लोटला असेल त्याचा दहावा हिस्सा तो ताजा समजावा. आकडा रात्री दहाला लिहिला, आपण तो सकाळी आठला मागवला. दहा तास लोटले, म्हणून पेव एक तासाची मुदत धरते. सव्वाआठला बंधाऱ्यावरचा नवा आकडा सर्व्हरवर आला, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पाणी चढू लागले. आणि आपण साडेआठला तेच पान पुन्हा उघडले तर आपल्या पेवातून रात्रीचा आकडा निमूटपणे पुढे येऊ शकतो. कोणी खोटे बोललेले नसते. काल जे खरे होते ते आज विनातारखेने सांगितले गेले, एवढेच. हळद पेवात वर्षानुवर्षे टिकते. नदीची पातळी तासभरही टिकत नाही.

यावरचे उपाय नियमांत आहेत, पण त्यांच्या नावांनी जाणत्यांनाही चकवले आहे. ‘कॅश-कंट्रोल’ या ओळीत ‘मॅक्स-एज’ लिहून मुदत सेकंदांत सांगता येते : बोधचिन्हाला एक वर्ष, म्हणजे 31536000, पुराच्या आकड्याला फार तर साठ. त्याच ओळीत ‘नो-कॅश’ असा एक शब्द येतो आणि त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा असेल असे कोणालाही वाटेल. वास्तविक त्याचा अर्थ ‘साठवा, पण मालकाला विचारल्यावाचून वापरू नका’ असा आहे. अजिबात साठवू नये असे म्हणावयाचे असेल तर ‘नो-स्टोअर’ लिहावे लागते, आणि सामाईक पेवात न ठेवता अर्जदाराच्याच पेवात ठेवावे असे असेल तर ‘प्रायव्हेट’. सेवा केंद्राच्या संगणकावर एकामागून एक दहा शेतकरी आपापले कागद पाहत असतील, तर या तीन शब्दांतला भेद हा शब्दच्छल राहत नाही. एकाच्या कर्जाचा बोजा दुसऱ्याच्या नजरेस पडावा की नाही, याचा तो निर्णय असतो.

मालकाला विचारण्याची रीतही आबांना पसंत पडली असती. सर्व्हर प्रतीसोबत ‘ईटॅग’ नावाची एक खूण देतो. पेव ती खूण जपून ठेवते, आणि मुदत संपली की सारा मजकूर पुन्हा न मागता नुसती खूण पुढे करून विचारते, ‘ही अजून चालते का?’ बदल नसेल तर सर्व्हर 304 या अंकाचे दोन-चार ओळींचे उत्तर देतो, ज्याचे मराठी भाषांतर आपल्या कचेऱ्यांनी केव्हाच करून ठेवले आहे : ‘जैसे थे.’ हीच जुन्या दफ्तरातली रुजुवात. तिला वेळ थोडा लागतो, आणि तिच्यामुळे खोटेपणा टळतो.

कोणी विचारील की, एवढी यातायात करण्यापेक्षा प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता देऊन मोकळे का होऊ नये? पुष्कळांनी तसेच केले आहे. मे 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा पत्ताच वेगळा आहे. तेथे मागणारा पत्त्यातूनच आपली भाषा सांगतो आणि कोणत्याही पेवाला शंका घेण्यास जागा राहत नाही. भाषेपुरता मला हाच मार्ग अधिक सरळ वाटतो, मात्र प्रत्येक पानावर दुसऱ्या भाषेचा दुवा ठळक असावा. परंतु दाबलेला मजकूर आणि चित्रांचे नवेजुने प्रकार यांची निवड यंत्रायंत्रांतच होणार, आणि मुदतीचा प्रश्न तर पत्ता बदलून सुटतच नाही. म्हणजे शेरा लिहिण्यातून सुटका नाही.

आपल्या घरात या साऱ्या विद्येचा एक नमुना खुंटीला टांगलेला असतो, तो म्हणजे पंचांग. पंचांगही एक साठवलेले उत्तरच आहे. ज्योतिषाकडे रोज जावे लागू नये म्हणून वर्षभराचे गणित एकदा करून ठेवलेले. पण त्याच्या मुखपृष्ठावर शक आणि संवत्सर छापलेले असते, गणित कोणत्या गावच्या अक्षांश-रेखांशावर केले ते लिहिलेले असते, आणि फाल्गुनी अमावास्येला ते आपोआप संपते. ‘कधीचे’ आणि ‘कोणासाठी’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ते न विचारता देते. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवीत, ती मजकूर कोठे संपला हे दाखवण्यासाठी, जेणेकरून पुढे कोणी ओळ घुसडू नये. मी मागतो आहे ती मर्यादा काळाची आहे, आणि ती उमटवण्यास एक ओळ पुरते.

या सभेत पाने तयार करणारे तरुण बसले आहेत, नगरपालिकांची व संस्थांची संकेतस्थळे सांभाळणारेही असतील. त्यांना माझे सांगणे थोडे आहे. आपले पान उद्या सकाळी उघडा, आणि ते कसे दिसते हे पाहण्याआधी त्याच्यासोबत कोणत्या ओळी जातात त्या वाचा. एकाच पत्त्यावर भिन्न उत्तरे देत असाल तर कशानुसार भिन्न, ते लिहा. उत्तर किती काळ खरे राहील हे आपल्याला ठाऊक असेल तर तेवढीच मुदत लिहा. ठाऊक नसेल तर ‘विचारल्यावाचून वापरू नये’ असा शेरा मारा. आणि आपल्यापैकी जे नुसते वाचक आहेत त्यांनी घरी गेल्यावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी पहिल्या जागी आणावी. आपल्या नावाने रोज शेकडो अर्ज जात आहेत. ते निदान आपल्या भाषेत जावेत.